अठरा चित्रांचा तक्ता लावूनही वागण्यात फरक का पडत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सोळा वर्षांचा, मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता. सुटे शब्द बोलतो, सांगितलेलं बरंचसं कळतं असं घरच्यांना वाटतं. मोबाइल बाजूला ठेवून आंघोळीला चल म्हटलं की ओरडतो, स्वतःचा हात चावतो, समोरच्याला ढकलतो. चित्रांचा उपयोग होतो असं कळल्यावर सकाळपासून रात्रीपर्यंतच्या कामांची १८ चित्रं छापून भिंतीवर लावली. दोन आठवडे झाले, तो त्या तक्त्याकडे ढुंकूनही बघत नाही. मग चित्रांचा याला उपयोग नाही असंच समजायचं का?

नाही, तसं समजू नका. तुमची चित्रंही बहुतेक चांगलीच असतील. अडचण अशी की तो तक्ता दिवस कसा जाणार ते सांगतो, आणि मोबाइल हातातून जाताना मुलाला पडलेले प्रश्न वेगळे असतात. मोबाइल परत मिळणार का? कधी? आता मला कुठे नेताहेत? ते किती वेळ चालणार? संपलं हे मला कसं कळणार? यातल्या एका तरी प्रश्नाचं उत्तर जे चित्र त्याच क्षणी त्याच्या हातात देतं, त्या चित्रानं वागणं बदलतं. बाकीची चित्रं चार दिवसांत भिंतीचाच भाग होऊन जातात.

शब्द उच्चारला की विरून जातो. बौद्धिक अक्षमता असलेल्या बऱ्याच जणांना ऐकलेलं मनात धरून ठेवणं आणि त्याचा अर्थ लावणं जड जातं, वेळही जास्त लागतो. एक सूचना पोहोचायच्या आत आपण दुसऱ्या शब्दांत दुसरी देतो, आवाज चढतो, आणि त्याच्यापर्यंत फक्त चढलेला आवाज पोहोचतो. चित्र जागेवर थांबतं. परत बघता येतं, हातात धरता येतं. डाउन सिंड्रोममध्ये तर ऐकून लक्षात ठेवण्यापेक्षा पाहून लक्षात ठेवणं बहुधा जास्त पक्कं असतं.

‘सांगितलेलं कळतं’ हेही एकदा तपासून घ्या. तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकून, बाथरूमकडे हात दाखवत ‘आंघोळ’ म्हणता, तेव्हा तो टॉवेल आणि हात वाचत असण्याची शक्यता मोठी आहे. नेहमीची वेळ नसताना, हातात काही न घेता, जागेवर बसूनच एक साधी सूचना द्या, ‘टॉवेल आण’ इतकीच, आणि दहा सेकंद गप्प राहा. गोंधळला, तर तो आजवर शब्दांवर नाही, खुणांवर चालत आलाय हे कळेल. ही निराश होण्याची गोष्ट नाही. डोळ्यांनी मिळालेली माहिती त्याला वापरता येते, याचाच हा पुरावा आहे.

चित्र छापण्याआधी एक आठवड्याची वही

प्रत्येक वेळी वागणं बिघडलं की चार गोष्टी लिहा: वेळ, लगेच आधी काय झालं, त्यानं नेमकं काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा कशातून सुटका झाली. ‘चिडला’ असं लिहू नका. ‘उजव्या हाताच्या मनगटाला चावला, दोन वेळा’ असं लिहा. ‘हट्ट केला’ या शब्दात माहिती काहीच नसते, आपला राग तेवढा असतो.

सात दिवसांत सहसा एक ठरावीक साचा दिसू लागतो. अशा वागण्यामागे ढोबळमानानं चार कारणं असतात: हवी ती वस्तू मिळवणं, नको त्या कामातून सुटणं, कुणाचं तरी लक्ष आपल्याकडे वळवणं, किंवा त्या हालचालीतून शरीराला मिळणारी संवेदना. चित्र कोणतं लागेल हे या कारणावर ठरतं. वस्तू हातातून जाते म्हणून चिडत असेल, तर ‘ती परत कधी’ हे सांगणारी पाटी हवी. कामातून सुटायचं असेल, तर ‘मदत’ आणि ‘थोडं थांबू’ ही कार्डं. लक्ष हवं असेल, तर ‘इकडे ये’ हे कार्ड किंवा एखादी घंटी. संवेदनेसाठी असेल, तर चावायला, दाबायला, झुलायला काय चालेल याची निवड पाटी. कारण न बघता सगळ्यांना एकच तक्ता लावला जातो आणि मग तो चालत नाही.

वागणं अलीकडेच, अचानक बिघडलं असेल तर आधी शरीर तपासा. दात, कान, बद्धकोष्ठता, पाळीच्या वेदना, अपुरी झोप, नव्यानं सुरू झालेलं किंवा डोस बदललेलं औषध, फिट्स. दुखतंय हे सांगता येत नसेल तर माणूस चावून आणि ढकलूनच सांगतो, आणि दुखऱ्या दाढेवर वेळापत्रक हा उपाय नाही. नजर आणि ऐकणंही तपासून घ्या. बौद्धिक अक्षमतेसोबत नजरेच्या तक्रारी खूप आढळतात आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाहीत. ज्याला चार फुटांवरचं धूसर दिसतं, त्याच्यासाठी भिंतीवरचा तक्ता म्हणजे रंगीत डाग.

त्याला कोणत्या पातळीचं चित्र कळतं?

साधारण चढण अशी असते: खरी वस्तू, वस्तूचा एखादा भाग, फोटो, रंगीत चित्र, रेखाचित्र, लिखित शब्द. प्रत्येक जण याच क्रमानं चढतो असं नाही. शब्द ‘ओळखणारे’ पण रेखाचित्रात गोंधळणारेही असतात. त्यामुळे अंदाज बांधू नका, बघा.

रोजच्या वापरातल्या दोन वस्तू समोर ठेवा, समजा चेंडू आणि बूट. एकीचा फोटो त्याच्या हातात द्या आणि त्याच वस्तूवर ठेवायला खुणेनं सांगा. दहा वेळा करा, डावी-उजवी जागा बदलत राहा, नाहीतर तो जागा पाठ करेल. दहापैकी आठ वेळा बरोबर आलं की पुढची पायरी, आणि खरी परीक्षा तीच: बूट दुसऱ्या खोलीत ठेवून नुसता फोटो द्या. तो उठून बूट आणतो का? जोडी लावता येणं वेगळं आणि फोटो म्हणजे ‘ती वस्तू आता येणार’ हे कळणं वेगळं. पहिल्या परीक्षेत पास झालेली मुलं दुसरीत अडकतात, आणि बहुतेक घरांत व वर्गांत दुसरी परीक्षा घेतलीच जात नाही.

फोटोही कळत नसेल तर वस्तूच द्या. आंघोळीसाठी छोटा टॉवेल, बाहेर जाण्यासाठी बूट, जेवणासाठी चमचा. जी वस्तू हातात देता ती त्या कामात खरोखर वापरली गेली पाहिजे. खेळण्यातली छोटी गाडी दाखवून ‘गाडीतून जायचंय’ हे त्याला कळणार नाही, कारण त्याच्या लेखी ते खेळणं आहे. गाडीच्या पट्ट्याचा तुकडा जास्त कळेल, पट्टा त्यानं बांधलेला असतो.

फोटो काढताना एक वस्तू, मागे साधी पार्श्वभूमी, आणि ती वस्तू तो जिथून बघतो त्या बाजूनं. बाथरूमच्या दारात आई उभी आहे असा फोटो काढला तर त्याला त्यात आई दिसते, आंघोळ दिसत नाही. रेखाचित्रं चालत असतील तर स्पेनमधल्या आरागॉन सरकारचा ‘आरासाक’ हा चित्रसंच विनामूल्य मिळतो, व्यावसायिक वापर सोडून कुणालाही वापरता येतो. एकदा एक संच धरला की तोच ठेवा. आंघोळीचं एक चित्र या संचातलं, दुसरं इंटरनेटवरून कुठलंतरी, असं केलं की तो प्रत्येक वेळी नव्यानं शिकतो. आणि सोळा वर्षांच्या मुलाला टोपी घातलेल्या अस्वलाची चित्रं देऊ नका. त्याला त्याच्या वयाचं मानणं यातही दिसतं.

पहिली पाटी: ‘आधी’ आणि ‘मग’

भिंतीवरची १८ चित्रं काढून ठेवा. एकच पाटी बनवा, वहीच्या पानाच्या निम्म्या आकाराची. तिच्यावर दोन चौकोन, प्रत्येकी ७-८ सेंटिमीटरचे. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘मग’. आवडीची गोष्ट मिळणार असेल तर माणूस तिच्या आधीचं कमी आवडीचं काम करतो, हे तत्त्व मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रिमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलं, त्यावर ही पाटी उभी आहे. तत्त्व सोपं आहे, वापरताना बहुतेक जण पहिल्याच दिवशी चुकतात. ती चूक म्हणजे सुरुवातच भांडणाच्या कामापासून करणं. ‘आधी आंघोळ, मग मोबाइल’ असं पहिल्यांदाच दाखवलं तर ती पाटी म्हणजे वाईट बातमी आणणारी वस्तू होते आणि दुसऱ्या दिवशी ती दिसताच तो फेकून देतो.

पहिले तीन-चार दिवस दोन्ही चौकोनांत त्याला चालणाऱ्याच गोष्टी ठेवा. आधी बूट, मग बाहेर. आधी दिवा लाव, मग गाणी. दिवसातून पाच-सहा वेळा. दर वेळी ‘मग’मधली गोष्ट काही सेकंदांत मिळाली पाहिजे. पंधरा-वीस वेळा असं झालं की पाटीवर विश्वास बसतो: उजवीकडे जे आहे ते येतंच. हा विश्वास हेच तिचं भांडवल. मग तटस्थ कामं घ्या, आणि आंघोळ दुसऱ्या आठवड्यात.

पाटी दाखवताना ती त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर धरा. डावं चित्र बोटानं दाखवा, ‘आधी आंघोळ’. थांबा. उजवं दाखवा, ‘मग गाणी’. एवढेच चार शब्द. त्यानंतर मनातल्या मनात दहा आकडे मोजेपर्यंत तोंड बंद. हे दहा आकडे सगळ्यात अवघड असतात. तो हलला नाही तर पुन्हा बोलू नका, चित्रावर पुन्हा बोट ठेवा. आंघोळ झाली की डावं चित्र त्याच्याच हातानं काढून पाटीच्या मागच्या खिशात टाकायला लावा. ‘झालं’ हा शब्द इथं, त्या हालचालीसोबत म्हणायचा. पुढे त्या खिशाचंच नाव ‘झालं’ होतं.

पाटी धमकी म्हणून वापरू नका. ‘आंघोळ नाही केलीस तर गाणी नाहीत’ म्हणत उजवं चित्र ओरबाडून काढलं की दोन आठवड्यांची मेहनत वाया गेली समजा. काम अर्धवट झालं तर पाटी तशीच राहू द्या, काम लहान करा: आज फक्त हातपाय धुणं. पण ‘मग’ द्या. आणि गाणी ठरलेली असताना अचानक वीज गेली किंवा मोबाइलची बॅटरी संपली तर? म्हणून तेच चित्र लावा जे तुमच्या हातात आहे, नशिबाच्या हातात नाही.

मोबाइल सुटतो तो क्षण

तुमच्या प्रश्नातली खरी गाठ इथं आहे असं मला वाटतं. आंघोळ त्याला कदाचित नकोशी नसेलही, आवडतं काम मध्येच तुटतं ते सहन होत नाही. हे तुमच्या वहीतून कळेल. मोबाइल हातात नसताना आंघोळीला बोलावलं तर शांतपणे येत असेल, तर प्रश्न थांबण्याचा आहे आणि चित्रंही थांबण्यासाठीच हवीत.

थांबण्यासाठी त्याला शेवट येताना दिसला पाहिजे. ‘पाच मिनिटं’ हा शब्द त्याच्यासाठी पोकळ आहे. रंगीत चकती हळूहळू लहान होत जाते असं टायमर घड्याळ काहींना छान कळतं. पण काहींना घड्याळाचा शेवटचा आवाजच घाबरवतो, आणि वेळ संपताना नेमका व्हिडिओच्या मध्यावर असेल तर घड्याळही शत्रू होतं. अशा वेळी उलटी मोजणी पट्टी बरी. एका पट्टीवर पाच गोल चिकटवा, वेल्क्रोनं. थोड्या थोड्या वेळानं एक गोल काढायचा, न बोलता, त्याला दिसेल असा. दोन गोलांमधलं अंतर तुमच्या हातात असतं, त्यामुळे व्हिडिओ संपायला आला की शेवटचा गोल काढता येतो. मध्येच तोडण्यापेक्षा संपल्यावर थांबणं सगळ्यांनाच सोपं जातं. एक पथ्य पाळा: तो ओरडला म्हणून काढलेला गोल परत लावायचा नाही. एकदा लावलात की ओरडल्यानं गोल परत येतात हे तो एका दिवसात शिकेल.

दुसरी गोष्ट, हाताला काम द्या. मोबाइल ‘काढून घेणं’ बंद करा. एक पेटी ठेवा, तिच्यावर मोबाइलचा फोटो. शेवटचा गोल गेला की मोबाइल तो स्वतः पेटीत ठेवतो, पाटीवरचं मोबाइलचं चित्र ‘झालं’मध्ये टाकतो आणि त्याच्या हातात टॉवेल येतो. हातातून काहीतरी गेलं आणि लगेच हातात काहीतरी आलं. पहिल्या आठवड्यात पेटीत ठेवल्यावर एक-दोन मिनिटांतच मोबाइल परत द्या, मध्ये आंघोळ आणूच नका. पेटी म्हणजे कायमचं जाणं नाही, एवढं आधी शिकू द्या. मग हा काळ पाच मिनिटं, मग त्यात हात धुणं, मग आंघोळ.

आंघोळीतच काही खुपत असेल, पाण्याच्या तापमानातला फरक, डोळ्यांत जाणारा साबण, प्रतिध्वनी, तर ते आधी दुरुस्त करा. खुपणारी गोष्ट चित्रानं गोड होत नाही.

कार्डं बनवताना

जाड कागद, वर मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा पांढरा पट्टा पडतो. कार्ड लावल्यावर एकदा खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा, पट्टा कुठे पडतो ते तुम्हाला उभ्यानं कधीच दिसणार नाही. कोपरे गोल कापा, टोकदार लॅमिनेशन हाताला लागतं आणि चावणाऱ्याच्या तोंडात जातं. हातात घ्यायचं कार्ड ५ ते ७ सेंटिमीटरचं, भिंतीवरचं त्याहून मोठं. वेल्क्रोचा एक नियम पहिल्याच दिवशी ठरवा: खरखरीत बाजू कार्डाच्या मागे, मऊ बाजू पाटीवर. घर, शाळा, आजोळ, सगळीकडे तेच. एका ठिकाणी उलटं झालं की तिथली कार्डं इथं बसत नाहीत आणि आठवडाभर कुणी वापरत नाही.

शब्द चित्राच्या वर लिहा. खाली लिहिला तर चित्र देताना बोटाखाली झाकतो. आणि शब्द घरातले सगळे म्हणतात तोच. एक ‘आंघोळ’ म्हणतो, दुसरा ‘अंग धू’, तिसरा ‘फ्रेश हो’, तर शब्दाचा आधार गेलाच. प्रत्येक कार्डाच्या दोन प्रती करा. एक हरवतेच, आणि हरवलेल्या कार्डाच्या दिवशी जे वादळ होतं ते तुमच्या लक्षात राहील.

वेळापत्रक नंतर

पाटी दोन-तीन आठवडे नीट चालली की दोनाची तीन चित्रं करा, मग चार. वरून खाली, एका ओळीत. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी स्वमग्न मुलांसाठी उभारलेल्या ‘टीच’ कार्यक्रमानं प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळं वेळापत्रक ही पद्धत रुजवली, आणि बौद्धिक अक्षमतेतही ती उपयोगी पडते. तुमच्या तक्त्यात नसलेली एक गोष्ट तिथं असते: चित्र माणसासोबत जातं. तो कार्ड काढतो, हातात धरून त्या जागी जातो, तिथल्या तशाच चित्रावर चिकटवतो. रस्त्यात विसरला तरी हातात बघतो. भिंतीवरून नुसतं बघून निघालेला मुलगा दारापर्यंत पोहोचेस्तोवर कुठे निघालो तेच विसरतो, आणि आपण त्याला ‘लक्ष नाही’ म्हणतो.

हे शिकवताना मागे उभं राहा. पुढून बोलून नाही, मागून कोपराला हलकासा स्पर्श करून, गरज पडली तर हात धरून. बोलून दिलेली मदत सगळ्यात चिवट असते. ‘आता काय? बघ बरं, पुढचं कुठलं?’ असं रोज विचारलंत तर तो चित्राची नाही, तुमच्या प्रश्नाची वाट बघायला शिकतो आणि तुम्ही घरात नसाल तेव्हा वेळापत्रक थंडच. हाताची मदत दर दोन-तीन दिवसांनी थोडी कमी करा: मनगटाऐवजी कोपर, कोपराऐवजी खांदा, मग फक्त मागे उभं राहणं.

रोज हुबेहूब तोच क्रम ठेवू नका, नाहीतर तो क्रम पाठ करतो, आणि बदल आला की कोसळतो. ‘बदल’ असं एक कार्ड ठेवा, ठळक रंगाचं. ते पहिल्या दहा वेळा चांगल्या बदलासाठी वापरा: कामाच्या जागी गाणी, घरी बसण्याच्या जागी फेरफटका. मग एखादा नावडता बदल. बदलाच्या कार्डाला पहिल्यांदाच वाईट बातमीशी जोडलं की ते कार्डच पुढे भडकवतं.

त्याच्याकडून आपल्याकडे येणारी कार्डं

आतापर्यंतची सगळी चित्रं आपण त्याला काहीतरी सांगण्यासाठीची. वागणं खरं बदलतं ते त्याला आपल्याला काही सांगता येऊ लागलं की. ‘मदत’, ‘थांबू’ आणि ‘नको’ ही तीन कार्डं मी इतर कशाहीपेक्षा महत्त्वाची मानतो. चावल्यावर काम थांबतं हे त्याला माहीत आहे. कार्ड दिल्यावर ते त्याहून लवकर थांबतं, हे त्याला कळायला हवं.

शिकवायला दोन माणसं लागतात. समोरचा काम देतो आणि हात पुढे करतो, मागचा न बोलता मुलाचा हात धरून कार्ड समोरच्याच्या तळहातावर ठेववतो. कार्ड पोहोचताच समोरचा ‘थांबू!’ म्हणतो आणि काम दोन मिनिटं खरंच थांबतं. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये विकसित केलेल्या चित्रांच्या देवाणघेवाणीच्या पद्धतीतही सुरुवात अशीच दोघांनी होते. हे चावण्याआधी व्हायला हवं. अंग ताठ होणं, श्वास जोरात, नजर फिरवणं, या खुणा तुमच्या वहीत सापडतील. चावल्यावर कार्ड हातात कोंबून थांबवलं तर तो चावणं आणि कार्ड यांची साखळीच शिकतो.

पहिले दोन-तीन आठवडे प्रत्येक कार्डाला मान द्या, दिवसातून तीस वेळा दिलं तरी. लोक इथं घाबरतात, हा मग कामच करणार नाही म्हणतात. तो थोडे दिवस कार्डाचा सपाटा लावेल हे खरं. नंतर ‘आणखी एक, मग थांबू’ इतकं अंतर वाढवा, किंवा एका कामासाठी तीन कार्डं मोजून द्या. पण कार्डं कपाटात, उंचावर, कुलपात कधीही ठेवू नका, आणि शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. त्याच्यासाठी तो त्याचा आवाज आहे.

टोकनच्या पाटीबद्दल थोडक्यात. तीन चांदण्या जमल्या की ठरलेली आवडीची गोष्ट, अशी ती पद्धत. बक्षीस आधी त्यानं निवडायचं, सुरुवात तीनपासून, आणि मिळालेली चांदणी कधीच परत घ्यायची नाही. ज्याला अजून ‘आधी-मग’ कळत नाही त्याला टोकन देऊ नका. थांबून राहण्याचा तो मोठा ताण असतो.

नियमांची चित्रं लावायची असतील तर करायची कृती दाखवा. मारणाऱ्या हातावर लाल फुली हे चित्र सगळीकडे दिसतं. फुली हा अमूर्त संकेत आहे, अनेकांना ती कळत नाही, आणि उरतं ते मारण्याचं चित्र. ‘हात मांडीवर’ किंवा ‘हात खिशात’ असा त्याचाच फोटो लावा.

वादळ उठल्यावर

तो ओरडत-ढकलत असताना कार्ड पुढे करू नका. त्या वेळी नवीन काही शिकलं जात नाही, आणि पुढे केलेलं कार्ड फाटतं. मागे सरका, जागा मोकळी करा, टोकदार वस्तू आणि लहान मुलं बाजूला, आवाज बंद. फार तर शांत बसायच्या जागेचा एक फोटो लांबून दाखवा, तोही त्याला आधी शांत असताना शिकवलेला असेल तरच. पूर्ण निवळल्यावर पाटी परत आणा, कामाचा लहान तुकडा घ्या आणि ‘मग’ द्या. डोकं आपटणं, रक्त येईपर्यंत चावणं, डोळ्याला इजा असं काही असेल तर हे लिखाण पुरेसं नाही. डॉक्टर आणि वर्तनतज्ज्ञ दोघंही लागतील, आणि तुमची वही त्यांच्या सगळ्यात कामाची ठरेल.

मोजणं, आणि प्रौढ वय

फरक डोळ्यांनी जाणवत नाही, म्हणून मोजा. सुरू करण्याआधीचे पाच दिवस: मोबाइल ठेवण्यापासून बाथरूमच्या दारापर्यंत किती मिनिटं, किती वेळा चावा, किती वेळा ढकलणं. नंतर रोज तेच तीन आकडे. सुरुवातीला आकडे चढू शकतात, कारण जे आजवर हमखास चालत होतं ते आता चालत नाही आणि तो ते आणखी जोरानं करून बघतो. सातत्यानं तीन आठवडे करूनही आकडे हलत नसतील, तर बहुतेक वेळा चारपैकी एक कारण निघतं: चित्राची पातळी वरची, ‘मग’मधली गोष्ट पुरेशी आवडीची नाही, घरातला एक जण पाटी वापरत नाही, किंवा वागण्याचं कारणच चुकीचं ओळखलं.

तो सोळाचा आहे, म्हणून पुढचाही विचार आत्ताच करा. विशीतला माणूस गळ्यात मोठी कार्डं अडकवून हिंडणार नाही. तेव्हा तीच चित्रं कडीत अडकवलेल्या छोट्या कार्डांत, खिशातल्या वहीत किंवा फोनमध्ये जातात. कामाच्या टेबलावर पायऱ्यांची पट्टी, खोलीच्या दारावर आज कोण सोबत असणार आहे त्या माणसाचा फोटो. हा शेवटचा फोटो निवासी ठिकाणी फार काम करतो, कारण सकाळी कुणाचं तोंड दिसणार हे माहीत नसणं हीच अनेकांची मोठी भीती असते. अंगाच्या स्वच्छतेची, संडास-बाथरूमची चित्रं मात्र पाहुण्यांच्या नजरेस पडतील अशी लावू नका.

आणि वागणं सुधारलं म्हणून चित्रं काढून टाकू नका. नीट दिसू लागलं म्हणून आपण चष्मा काढत नाही. चित्र लहान करता येतं, फोटोवरून शब्दावर नेता येतं, आधार मात्र राहू द्यायचा. काढून टाकल्यावर जुनं वागणं परत येतं आणि लोक म्हणतात, चित्रांचा परिणाम टिकत नाही.

भिंतीवरून काढलेली १८ चित्रं फेकू नका, पाकिटात ठेवा. आज रात्री फक्त वही सुरू करा. आठ दिवसांनी त्या पाकिटातून दोनच चित्रं बाहेर काढायची, बूट आणि बाहेरचं दार, आणि ती पहिल्या पाटीवर लावायची.